गाडी चार्ज होईपर्यंत

१

आमची गाडी विजेवर चालते आणि आमच्या सोसायटीत तिला वीज मिळत नाही. लखनौच्या तेलीबागेतल्या आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, पार्किंग में सॉकेट लगेगा तो आग लगेगी." मी म्हटलं, आग तुमच्या डोक्यात आधीच लागलेली दिसतेय. अर्थात मराठीत म्हटलं, त्यामुळे संबंध बिघडले नाहीत. सॉकेट मात्र मिळालं नाही ते नाहीच.

मग म्हैस पाण्यावर न्यावी तशी ही गाडी आम्ही दर आठवड्याला मलिहाबादला न्यायला लागलो. तिथं इकराम खाँ म्हणून एकांची दशेरी आंब्याची बाग आहे. बागेत त्यांनी तंबू टाकलेत. शहरातली माणसं येऊन राहतात, शेकोटीपाशी फोटो काढतात आणि डासांच्या तक्रारी करत परत जातात. झाडांच्या मधोमध एका खांबावर पत्र्याची पेटी आहे, पेटीत जाड सॉकेट. गाडी त्याला लावली की अख्खा दिवस गेला म्हणून समजा. सरोजिनी नगरकडे कानपूर रोडवर फास्ट चार्जर आहे, तिथं चहा पिऊन होईपर्यंत काम होतं. पण माझे यजमान दिनकर पडले रेल्वेतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांचं म्हणणं, बॅटरीला सावकाश जेवू घालावं, बकाबका नाही.

मी स्वतः वनस्पतींच्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. लायकेन हा माझा विषय. म्हणजे काय ते विचारू नका, तुमच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल आठवा. आंब्याच्या जुन्या खोडांवर ते बख्खळ असतं, तेव्हा माझा वेळ जायचा.

गाडी हृषीकेशनं बुक केली होती. आमचा मुलगा, एकुलता एक. जन्मला लखनौत, वाढला लखनौत; मी मराठीत ओरडायचं आणि त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमचा घरचा रिवाज. "आई, टेन्शन मत लो यार. बाबा रिटायर हो गए, अब तीनों निकलेंगे. जहाँ कैम्पिंग, वहीं चार्जिंग." दिनकर म्हणायचे, गाडी ही फक्त रुळावर शोभते. दोघांची रोज खडाजंगी. कार्तिकात हृषीला ताप आला, डेंग्यू निघाला, आणि तो गेला. याहून जास्त मला सांगता येत नाही. नंतर शोरूममधून फोन आला की गाडी आली आहे, कधी नेताय.

बागेत पहिल्यांदा चार्जिंग केलं त्या संध्याकाळी परत निघायला मी डावीकडच्या सीटवर बसले आणि बसता बसता मागेच गेले. सीट पार मागे सरकवलेली, पाठ आडवी केलेली. मी जेमतेम पाच फूट. पाय मॅटला टेकेनात. येताना हीच सीट माझ्या मापाची होती.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"मी हात नाही लावला."

"मग गाडीनं आळस दिला असेल," मी म्हटलं. आम्ही दोघंही थोडे हसलो. हृषी गेल्यावर पहिल्यांदाच हसलो असू.

२

दहाव्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लखनौत मराठी घरं थोडी, तेव्हा गुरुजी बिठूरहून आले. गोमतीच्या घाटावर विधी होता. बायकांनी तिथं जायचं नसतं हे मला सांगायची कोणाची छाती झाली नाही. पिंड मांडले आणि आम्ही बाजूला सरून कावळ्याची वाट बघू लागलो. इकडच्या लोकांना हे असं ताटकळत राहणं ठाऊक नाही. घाटावरचा पंडा दोनदा येऊन विचारून गेला, "भैया, अब किसका इंतज़ार है?"

कावळे होते. समोरच्या पिंपळावर बसले होते. येईनात. आपल्यात असं झालं की समजायचं, जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जवळच्या माणसानं पुढं होऊन शब्द द्यायचा. माझा भाऊ राजेश पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "हृषी, ताई आणि भावजींकडे मी बघेन." कावळा हलला नाही. दिनकर म्हणाले, "तू बुक केलेली गाडी घेऊ रे, नाही म्हणणार नाही." एक कावळा खाली उतरला. पिंडापर्यंत चालत आला, मान तिरकी करून बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"नेमकं बोला," गुरुजी हलकेच म्हणाले. "पाळता येईल तेवढंच बोला."

आणि माझा हा शहाणा माणूस, ज्यानं उभ्या नोकरीत मोजल्याशिवाय एक तार ओढू दिली नाही, तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "तू म्हणशील तिथं मी तुझ्याबरोबर येईन रे राजा. एकटा नको जाऊस."

कावळ्यानं पिंडाला चोच मारली.

सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजींनी केलं नाही. ते दिनकरांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले, आणि दक्षिणा न मागता निघून गेले. मी शास्त्र शिकलेली बाई. पक्ष्याला भूक लागली की तो खातो, असं मी मनाशी म्हटलं. अजूनही अधूनमधून म्हणते.

३

सीटचा प्रकार दर खेपेला होऊ लागला. चार्जिंगला लावताना सीट माझ्या मापाची, काढताना मागे. मी इकरामभाईंच्या माळ्यावर संशय घेतला. बिचारा दुपारी आत जाऊन झोपत असेल, झोपू दे. पण गाडी कुलूपबंद असायची आणि किल्ली दिनकरांच्या खिशात. मग मी दिनकरांवर संशय घेतला. दुःखानं माणूस काय वाट्टेल ते करतो. मुलगा शेजारी बसलाय असं समजून सीट मागे घेत असतील. हे मला पटलंही होतं, कारण मी स्वतः अजून टेबलावर तीन ताटं घेत होते.

एका दुपारी आम्ही दोघं झाडाखाली खुर्च्या टाकून बसलो होतो. दिनकर पेपर वाचत होते, मी पोळीभाजीचा डबा उघडत होते. इकरामभाई आले. उंच, दाढी पांढरी, बोलणं असं की तक्रारसुद्धा कौतुकासारखी वाटावी.

"हुज़ूर, एक गुज़ारिश है. चार्जिंग के वक़्त अंदर एसी न चलाया जाए. बाग़ की लाइन पुरानी है, ट्रिप हो जाती है."

"एसी? हम तो यहाँ बैठे हैं," मी म्हटलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "जो साहब अंदर आराम कर रहे हैं, उनसे कह दीजिएगा," असं म्हणून ते सलाम करून गेले.

मी उठून गाडीपाशी गेले. आत कोणी नव्हतं. पौषातली थंडी, एसीची गरज कोणाला? पण दार उघडल्यावर आतून गार हवेचा झोत तोंडावर आला. हृषीला थंडीतही एसी लागायचा, ह्यावरून घरात महाभारत व्हायचं. मी दार लावलं आणि परत येऊन डबा वाढायला बसले.  दिनकर पेपर वाचतच होते, पण पान मघाचंच होतं.

मोबाइलवरून एसी लावता येतो, हे मला नंतर आठवलं. त्या रात्री मी दोघांच्याही मोबाइलमधून गाडीचं ॲप काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात एसी पुन्हा चालू होता.

४

मला वाटलं, बागेतच काहीतरी आहे. जागा बदलावी. शारदा नदीच्या काठाला एक कॅम्प आहे, तंबूबरोबर चार्जिंगची सोय असलेला. हृषीच्या तोंडी त्याचं नाव सारखं असायचं. आम्ही तिथं गेलो.

ह्या वेळी मी पक्का बंदोबस्त केला. दिनकर नदीवर फिरायला गेले. मी गाडी चार्जिंगला लावली, डावी सीट ओढून अगदी पुढं घेतली, इतकी की मलाही गुडघे मुडपावे लागले असते. तिच्यावर माझी विणकामाची पिशवी ठेवली, सुयांसकट. गाडीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये आणि पर्स मांडीवर. मग तंबूच्या दाराशी बसून राहिले. प्रयोग म्हणजे प्रयोग.

लख्ख ऊन होतं. दिनकर लांब वाळूत ठिपक्याएवढे दिसत होते. आसपास माणूस नव्हतं. चार्जरचा बारीक गुंऽऽ आवाज तेवढा येत होता. मग गाडीतून दुसरा आवाज आला. कट्. थोडं थांबून, कट्. मग सावकाश, कट्, कट्, कट्. रुळावरून सीट मागे सरकताना होतो तो. शेजारी कोणी झोपलं असेल म्हणून आवाज न करता सरकवावी तसा.

 बाई गं, म्हटलं, भर दुपारी? शेवटी स्वतःवरच चिडले आणि उठले.

काचेतून बघितलं. सीट पूर्ण मागे होती. पिशवी मागच्या सीटवर ठेवलेली होती, चेन ओढून, सुया आत घालून. मी पिशवी नेहमी उघडीच ठेवते. हृषीला लहानपणी एकदा सुई लागली होती, तेव्हापासून तो माझी पिशवी बंद करत असे.

मी तिथंच गाडीला टेकून उभी राहिले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला रडू आलं. काचेवर हात ठेवून मी "हृषी?" म्हटलं. आतून काही नाही. चार्जरसुद्धा बंद पडला होता.

लखनौला आल्यावर गॅरेजमधल्या मेकॅनिकला सीट दाखवली. तो म्हणाला, "मैडम, सीट एकदम फ़िट है." मला तो काहीतरी मोडलंय असं म्हणायला हवा होता.

५

त्यानंतर दिनकर आत बसायला लागले. मलिहाबादला पोचलं, चार्जिंगची गन लावली, की मला खुर्ची टाकून द्यायचे आणि स्वतः स्टीअरिंगपाशी जाऊन बसायचे. दार बंद, काचा बंद. मी झाडांच्या खोडांना भिंग लावून बसायची आणि कान गाडीकडे.

ते बोलायचे. "हो का?" म्हणायचे. मग गप्प. मग "छे, ते नाही चालायचं," आणि हसायचे. पुन्हा गप्प, ऐकत असल्यासारखे. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं.

संध्याकाळी बाहेर आले की त्यांचे हात बर्फ. दोन घास खाऊन ताट सारायचे. शर्ट अंगावर खुंटीला लावल्यासारखे दिसू लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. "सदमा है," म्हणाले आणि झोपेची, मनाची अशा गोळ्या दिल्या. राजेशला फोन केला तर तोही तेच म्हणाला, ताई, वेळ जाऊ दे. वेळ जात होता आणि त्याच्याबरोबर माझा नवरा जात होता, माझ्या डोळ्यांदेखत.

एकदा परतताना मी धारेवर धरलं. "खरं सांगा, काय बोलता तुम्ही?"

त्यांनी लपवलं नाही. "तो म्हणतोय, आता लांब जाऊ."

"कुठं लांब?"

"ते नाही सांगत. तो म्हणेल तिथं, असं ठरलंय ना आमचं."

"अहो, तुम्हाला भास होतायत. तुम्ही आजारी आहात."

"असेल," ते शांतपणे म्हणाले. "पण त्याला एकट्याला भीती वाटते, प्रतिमा."

मला जे बोलायचं होतं ते बाजूलाच राहिलं. माझ्या तोंडून निघालं, "मग मला का नाही ऐकू येत तो? मी कोण आहे त्याची? मी काय शेजारीण आहे?"

दिनकर म्हणाले, "तू आलीस की तो गप्प होतो. म्हणतो, आई रागावेल."

वाटेतलं काकोरी मागे गेलं, तरी मी खिडकीबाहेर तोंड करून रडतच होते. राग होता, मत्सर होता, सगळंच होतं. नवऱ्याला भास होतायत म्हणून रडत होते की मला होत नाहीत म्हणून, हे मला सांगता यायचं नाही.

६

पुढच्या वेळी दिनकर म्हणाले, बागेतच मुक्काम करू. निघायच्या आधी त्यांनी मला गॅसचा रेग्युलेटर बदलून दाखवला. गीझरचा फ्यूज कुठला ते दाखवलं. मी म्हटलं, आज काय शाळा भरवलीय? ते म्हणाले, माहिती असावं. जिना उतरताना दूधवाला भेटला तर त्याला म्हणाले, "भैया, कल से आधा लीटर."

"अर्धा कशाला?" मी विचारलं.

ते गाडीची किल्ली काढत खाली उतरले. गाडीत बसल्यावर मला त्याचा अर्थ कळला. गाडी परत फिरवा म्हणून मी सांगून बघितलं, भांडून बघितलं. ते फक्त म्हणाले, "शब्द दिलाय गं."

संध्याकाळी मी त्यांना डोळ्यांआड होऊ दिलं नाही. इकरामभाईंच्या घरून गरम खिचडी आली, ती बसून खायला लावली. तंबूत त्यांच्या खाटेला खाट लावून झोपले, त्यांचा सदरा मुठीत धरून. मूल झोपेत आईचा पदर धरतं तसा.

सकाळी जाग आली तेव्हा मुठीत सदरा होता. नुसता सदरा.

बाहेर धुकं इतकं की पुढचं झाड दिसत नव्हतं. लखनौचं माघातलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. अनवाणी धावले. गाडीच्या चार्जिंग पोर्टचा दिवा हिरवा लुकलुकत होता, तेवढ्यावरून दिशा कळली. काचा आतून वाफेनं पांढऱ्या झालेल्या. उजवीकडच्या काचेला डोळा लावला तर दिनकर दिसले. दाढी केलेली, ठेवणीतला कोट घातलेला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. समोरच्या पडद्यावर सत्त्याण्णव टक्के.

गाडी भरली की हे निघणार, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. दार उघडेना. मी काचेवर बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. ते हलले नाहीत. तशीच खांबाकडे पळाले, पेटी उघडली आणि जाड प्लग दोन्ही हातांनी खेचून बाहेर काढला. केबल ओल्या पाचोळ्यात पडली. झालं, म्हटलं, आता बस म्हणावं.

वळून बघितलं तर पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकतच होता. पळत जाऊन काचेतून पाहिलं. अठ्ठ्याण्णव.

७

मी डावीकडून गेले. तिकडची काच तशीच पांढरी होती, पण खालच्या कोपऱ्यात कोणी हातानं पुसल्यासारखी थोडी जागा मोकळी होती. मी वाकले.

मला गुडघा दिसला. तेवढाच. निळ्या जीन्सचा एक गुडघा, आणि तो हलत होता. वर, खाली, वर, खाली, बसल्या बसल्या, न थांबता. परीक्षेच्या आदल्या दिवशी, जेवताना, सिनेमाला, अगदी शेवटी आजारपणात पलंगावरसुद्धा. मी तो गुडघा जन्मभर बघितलेला आहे. वर काय होतं ते मी बघितलं नाही. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू.

"पाय हलवू नकोस," मी म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं.

गुडघा थांबला.

 मी दाराला धरून पाचोळ्यात बसले. तोंड त्या पुसलेल्या जागेपाशी होतं. किती बोलायचं होतं मला त्याच्याशी! जेवलास का, विचारायचं होतं. दुखत होतं का रे फार, विचारायचं होतं. पण पलीकडे माझा नवरा श्वास घेतोय की नाही ते कळत नव्हतं, आणि पडद्यावर नव्व्याण्णव होते.

"हृषी, नीट ऐक," मी म्हटलं. "बाबांनी शब्द दिला तो रडताना दिला. आपल्यात पूजेला बसलं की संकल्प सोडताना बायकोचा हात नवऱ्याच्या हाताला लागलेला असतो. त्या दिवशी माझा हात लागला नव्हता. तेव्हा तो शब्द अर्धाच आहे. उरलेला अर्धा मी देत नाही. ऐकलंस? मी देत नाही."

हे शास्त्रात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. त्या वेळी सुचलं ते मी बोलले. भाजीवालीशी भांडावं तशी मी माझ्या मेलेल्या मुलाशी भांडत होते.

"तुला एकट्यानं जायचंय. तुला एकटं आवडत नाही, मला माहितीय. अंधाराला घाबरायचास, मी दिवा ठेवायची. पण आता जा, बाळा. बाबांना मला ठेव. आणि परत येऊ नकोस. तू आलास की ते जगत नाहीत. बागेत नाही, घरी नाही, कुठंच नाही. माझ्यासाठीसुद्धा येऊ नकोस."

शेवटचं वाक्य मी काचेला ओठ लावून म्हटलं.

 मग कोणीतरी "अच्छा" म्हणालं. हळू. दिनकरांचा आवाज नव्हता. इकरामभाई लांबून "बीबीजी, क्या हुआ?" म्हणत येत होते, तेव्हा त्यांचाही नव्हता. पण लखनौत माणूस दिवसातून हजारदा अच्छा ऐकतो, कानात राहिला असेल. मी शपथेवर काही सांगणार नाही.

पुन्हा बघितलं तेव्हा गुडघा नव्हता. हिरवा दिवा विझला होता. पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला आणि दिनकर धडपडत बाहेर आले. गाडीला वळसा घालून त्यांनी डावं दार उघडलं, रिकाम्या सीटवर हात फिरवला.

"गेला?" त्यांनी मला विचारलं.

"गेला."

"तू जा म्हणालीस त्याला?"

"हो."

ते माझ्यासमोर पाचोळ्यात बसले आणि त्यांनी जो टाहो फोडला, तो दहाव्यालाही फोडला नव्हता. इकरामभाई पाच पावलांवर येऊन थांबले आणि त्यांनी मान खाली घातली.

८

आता ज्येष्ठ लागलाय. दिनकर बरे आहेत. दोन पोळ्या जास्त खातात, सकाळी फिरायला जातात, शर्ट पुन्हा अंगावर बसतात. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडल्या. मी हो म्हणते. दिनकर माझ्याशी चांगलं वागतात. चहा करून देतात, औषधाची आठवण करतात. फक्त त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत आणि गाडीत बसत नाहीत. एकदा मी म्हटलं, रागावलात का माझ्यावर? ते म्हणाले, "छे गं. तू बरोबरच केलंस." आणि उठून बाल्कनीत गेले. मी पाठोपाठ गेले नाही. रडताना कोणी बघितलेलं त्यांना आवडत नाही.

गाडी विकायला मी नाही म्हटलं. ह्या वयात चालवायला शिकले. सोसायटीत सॉकेट अजून नाही, त्यामुळे मलिहाबादला मी एकटीच जाते. बागेत दशेरीची तोडणी चालू आहे, सगळीकडे पेट्या आणि पाचोळा आणि माश्या. इकरामभाई माझ्यासाठी पिकलेले चार आंबे पाण्यात टाकून ठेवतात. मी आत बसून एसी लावते. बागेची लाइन ट्रिप होते, तरी ते एका शब्दानं बोलत नाहीत.

दार बंद करून मी म्हणते, "हृषी, मी एकटीच आहे. बाबा घरी आहेत, ठणठणीत आहेत. मी रागावणार नाही. दोन मिनिटं ये." मग गाडी भरेपर्यंत वाट बघते. शंभर झाले तरी थोडी बसते.

कोणी येत नाही. स्वेटर घाल म्हटलं, घातला नाही. घरात मराठी बोल म्हटलं, बोलला नाही. अंगात ताप आहे, ऑफिसला जाऊ नकोस म्हटलं, गेला. जन्मात माझं एक ऐकलं नाही पोरानं. हे एवढं ऐकलं.